तळं अपडेट 4: लाल गेलं, चहा आला, आता बघू

आज सकाळी बशी दोन फुटांवर दिसली!! तीच, टवका उडालेली पांढरी बशी, पाणी किती स्वच्छ झालंय ते बघायला सुतळीला बांधून सोडतो ती. जून अखेरीस चार बोटं पाण्यात गेली की गायब व्हायची, त्यामुळे हा आनंद काय आहे तो तुम्हालाच कळेल, घरात सांगायला गेलो तर 'ती बशी जागेवर ठेव' एवढंच ऐकायला मिळालं.

दोन महिने काही लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतंच, नुसतं लाल पाणी. सेटअप तोच: परसातलं माशांचं तळं, 10 बाय 7 फूट, सरासरी अडीच फूट खोल म्हणजे साधारण 5000 लिटर, शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा कागद, ताशी 2500 लिटरचा पंप आणि निळ्या ड्रमचा फिल्टर, ज्याबद्दल मागच्या वेळी मी 'शून्य रुपयांत फिल्टर' म्हणून केवढी शेखी मिरवली होती. त्या ड्रमकडे येतोच.

मे महिन्यात विहिरीचं पाणी भरलं तेव्हा काच होती नुसती. चूक माझी, काठाचे चिरे जमिनीच्या लेव्हललाच बसवले, दिसायला सुंदर, फोटोही टाकले होते. आमच्याकडे सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हे मला लहानपणापासून माहीत आहे आणि तरीही मी अंगणाचा उतार तळ्याकडे ठेवला. मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीत सगळ्या परसाची तांबडी माती आत. दुसऱ्या दिवशी चिऱ्यांचा अजून एक थर चढवला, वरच्या अंगाला पाट काढून पाणी माडाच्या आळ्यात वळवलं, येणारी माती थांबली, पण आत आलेली खाली बसेचना. आठ दिवस, पंधरा दिवस, तसंच, गेरू कालवल्यासारखं.

वाळू बसते, गाळ बसतो, पण ही जांभ्याची माती इतकी बारीक की कणाकणावर सारखाच ऋण भार, एकमेकांना ढकलत राहतात आणि तरंगतात. त्यात आमचं पाणी मऊ. पाण्यात कॅल्शियम भरपूर असता तर कण आपोआप थोडे तरी एकत्र आले असते, इथे विहिरीचा केएचच (पाण्यातल्या कार्बोनेटांचं माप) 2. फिल्टरातून हे कण आरपार जातात, स्पंज लावा नाहीतर फडकं लावा.

याच काळात शहरातल्या एका दुकानदाराने 'साहेब यूव्ही लावा, कसलंही पाणी क्लिअर' म्हणून 2200 रुपयांचा दिवा गळ्यात मारला. यूव्ही तरंगतं शेवाळ मारतो. मातीला काय मारणार? मला हे माहीत होतं, वाचलेलं होतं, तरी घेतला, कारण पंधरा दिवस लाल पाण्याकडे बघून माणूस काहीही विकत घेतो. तीन आठवडे चालवला, लाल पाणी निर्जंतुक झालं असेल फार तर. काढून माळ्यावर टाकला.

मग तुरटी. हंड्यात तुरटी फिरवतात ते आपण सगळ्यांनीच बघितलंय, त्याच हिशोबाने म्हणजे हिशोब न करता मी 400 ग्रॅम कुटून, विरघळवून, पंप फुल चालू ठेवून संध्याकाळी ओतली. सकाळी सगळे मासे वर तोंड काढून. पीएच किटमध्ये पिवळाधमक, म्हणजे 6 किंवा त्याखाली, किट त्याच्याखाली दाखवतच नाही. एक कॉमेट (लांब शेपटीचा गोल्डफिश) गेला. हिशोब नंतर केला, जो आधी करायचा असतो: लिटरला 1 मिलिग्रॅम तुरटी अर्ध्या मिलिग्रॅमपर्यंत अल्कलिनिटी (आम्ल जिरवायची पाण्याची ताकद, केएच तीच मोजतो) खाते. मी टाकली लिटरला 80, म्हणजे 40 पर्यंत खाणार, आणि केएच 2 म्हणजे माझ्याकडे होती जेमतेम 36. पाऊस वरून पडतोय त्यात केएच जवळपास शून्य, म्हणजे असलेलीही पातळ झालेली. वर पाणी आम्लधर्मी झालं की तुरटीतलं ॲल्युमिनियम कल्ल्यांना बाधतं ते वेगळं. आणि एवढं करून पाणी? लालच. पीएच पार खाली गेला की तुरटी मातीच्या कणांची गाठ नीट बांधतच नाही, आणि जी काही बांधली असेल ती पंपाने फोडली.

लगेच एक तृतीयांश पाणी बदललं आणि खायचा सोडा, 100 ग्रॅम असा तीन वेळा, दोन दिवसांत. (1000 लिटरला 30 ग्रॅम सोडा म्हणजे केएच साधारण 1 ने वर, हे भिंतीवर लिहून ठेवा.) तेव्हापासून ड्रममध्ये तिसऱ्यांच्या शिंपल्यांची एक पिशवी कायमची टांगलीय, पाणी आम्लधर्मी व्हायला लागलं की त्या हळूहळू विरघळतात. तिसऱ्या खायला एक कारणही मिळालं.

दुसऱ्या वेळी शहाण्यासारखं वागलो. एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम तुरटी, म्हणजे 1 मिलीत 10 मिलिग्रॅम. तळ्याच्या पाण्याच्या एकेक लिटरच्या पाच बाटल्या भरून सिरिंजने 1, 2, 3, 4, 5 मिली टाकून हलवून खिडकीत ठेवल्या. 1 मध्ये काही नाही, 2 मध्ये धूसर, 3 मध्ये तासाभरात वरचं पाणी स्वच्छ आणि खाली लाल गाळ, 4 आणि 5 मध्ये 3 पेक्षा जास्त काही नाही. म्हणजे लिटरला 30, पूर्ण तळ्याला 150 ग्रॅम. अर्ध्याहून कमी!! आधी सोडा, केएच बघितला, मग बादलीत विरघळवून झारीने सगळीकडे शिंपडलं, पंप दहा मिनिटं हळू आणि मग बंद, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) फक्त वरच्या अर्ध्या फुटात टांगलेला. वीसेक मिनिटांत ताक फुटावं तसं पाणी फुटलं, बारीक लाल चोथा आणि मधे मधे स्वच्छ पाणी. मी तिथेच उकिडवा बसून होतो, पावसात, छत्री घेऊन. सकाळी तळाशी नाचणीचं सत्त्व बसतं ना भांड्यात, अगदी तसा मऊ थर. पंप चालू न करता पाइपने सायफन करून तो माडाला दिला. घाई करून आधी पंप लावलात तर सगळं परत वर, सांगून ठेवतो.

इथे अपडेट संपायला हवा होता.

लाल गेलं आणि मागे होतं ते दिसलं: चहा. कोरा, दुधाशिवायचा. ग्लासात घेऊन पांढऱ्या कागदापुढे धरलं तर पूर्ण पारदर्शक, गढूळपणा नाही, पण रंग तपकिरी. म्हणजे माती नव्हे, काहीतरी विरघळलेलं. लोह असेल म्हणावं तर विहिरीचं पाणी दिवसभर उघडं ठेवूनही काही होत नाही, ना तांबूस साका ना वर तवंग. मग टॅनिन, पानं-सालींतून पाण्यात उतरतं ते. संशय फणसावर, त्याची पानं रोज पडतात, रोज काढली, जाळं बांधलं, फरक शून्य. उलट रंग वाढतच होता. माशांना टॅनिनने काही होत नाही हे मान्य, फायटर मासे पाळणारे देशी बदामाची पानं विकत घेऊन मुद्दाम असं पाणी करतात, पण मला कॉमेट बघायचेत, चहात पोहणाऱ्या सावल्या नाही.

बशीने रंग कळत नाही म्हणून रोज एक ग्लास भरून चिकटपट्टीवर तारीख टाकून खिडकीत ओळीने ठेवायला लागलो. मग वादळी पावसात तीन दिवस लाइट गेली. तीन दिवस पंप बंद, मी बादलीने पाणी उचलून ओततोय हवेसाठी, आणि ते तिन्ही ग्लास सारखेच! चौथ्या दिवशी लाइट आली, पंप चालू, संध्याकाळचा ग्लास गडद आणि ड्रमच्या तोटीखाली पिवळसर फेस. मी ओळीकडे बघत उभा, आई मागून येऊन म्हणाली, "अरे झिला, सोडणां भिजत घातलंस तर पाणी तांबडाच होतला मा!"

ड्रममध्ये काय भरलं होतं? परसातल्या सोडणांचा, म्हणजे नारळाच्या सालांचा, ताजा काथ्या. दोन पोती. शून्य रुपयांत. काथ्यासाठी लोक सोडणं कित्येक महिने पाण्यात कुजत घालतात, ते पाणी कसं होतं हे इथल्या कुठल्याही माणसाला माहीत आहे, आणि मी तेच ताशी 2500 लिटर वेगाने करत होतो. खात्रीसाठी मूठभर काथ्या बाटलीत विहिरीच्या पाण्यात रात्रभर ठेवला. सकाळी बाटलीत चहा.

काथ्या सगळा काढला. त्याच्यावर बसलेले, माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरियाही गेले अर्थात, म्हणून ड्रमच्या तळातले विटांचे तुकडे न धुता तसेच ठेवले, तरी अमोनिया लिटरला 0.5 मिलिग्रॅमपर्यंत चढला, आठवडाभर खाणं जवळपास बंद. काथ्याच्या जागी वेंगुर्ल्याहून आणलेली मासेमारीची जुनी नायलॉनची जाळी, मीठ जाईपर्यंत चार वेळा गोड्या पाण्यात भिजवून. फिल्टरात भरायला विकतचं मीडिया घेणाऱ्यांनो, हे बघा एकदा, भरपूर पृष्ठभाग, कुजत नाही, तुंबत नाही.

आत असलेला रंग काढायला ॲक्टिव्हेटेड कार्बन. आधी अर्थातच फुकटात करायला गेलो, करवंट्या जाळून कोळसा केला, सात वेळा धुतला तरी हात काळे आणि रंग जैसे थे, साधा कोळसा वेगळा आणि ॲक्टिव्हेटेड वेगळा. शेवटी दीड किलो विकत आणला, जुन्या लेगिंगच्या पायात भरून गाठ मारून ड्रमच्या तोटीपाशी ठेवला. पिशवीवर बघतो तर तोही करवंटीचाच! म्हणजे सोडणाने बिघडवलं ते करवंटीने निस्तरलं. सोबत तीन वेळा एक पंचमांश पाणी बदललं. दहा दिवसांत ग्लासांची ओळ अशी दिसतेय की कुणी प्रत्येक ग्लासात थोडं थोडं पाणी वाढवत नेलंय.

पुढचा प्लॅन कमळाच्या दोन कुंड्या वाढवायचा होता, पण लिहिता लिहिता वाटतंय की त्याआधी ड्रमच्या पुढे एक उथळ टब ठेवून त्यात वाळा लावावा, मुळं थेट पाण्यात, अमोनियाचं शेवटी जे नायट्रेट होतं आणि शेवाळाला पोसतं, ते तोच खाईल. वाळा परसात आहेच. हो, फुकट आहे, पण यावेळी आधी एक मूळ बाटलीत रात्रभर ठेवून बघणार.

आणि याची घाई आहे, कारण आज बशी वर ओढली तेव्हा सुतळी बोटांना बुळबुळीत लागली. उन्हात आजचा ग्लास धरला तर किंचित हिरवट. इतके दिवस चहाने ऊन अडवलं होतं, आता तळापर्यंत ऊन जातंय.

यूव्ही माळ्यावरून उतरवतोय संध्याकाळी. 2200 वाया गेले नव्हते असं बायकोला आत्ताच सांगून आलो. ती काही बोलली नाही, बशी घासून कपाटात ठेवली.