४३ सीसी: आधी कोरडा प्लग, मग ओला, आणि काल स्टार्ट घेतला

काल संध्याकाळी साडेसहाला गवत कापायचं ४३ सीसीचं मशीन (ब्रश कटर) चालू झालं. चौथ्या दोरीला. आधी पांढरा धूर, मग आयडलला जे लागलं ते मी दहा मिनिटं बंदच केलं नाही. आत्या वसरीतून म्हणाली, "लागलं का बाबा एकदाचं?" लागलं!

मागच्या वेळी इथवर आलो होतो: ठिणगी निळी, प्लगची गॅप ०.६ मिमी, कॉम्प्रेशन दोरीला चांगलं लागतंय, सायलेन्सरची जाळी साफ, एअर फिल्टर धुतलेला. कार्बोरेटरच्या तोंडात सिरिंजनं चार थेंब मिक्स (ऑईल घातलेलं) पेट्रोल सोडलं की दोन सेकंद बोलायचं आणि गप्प. प्लग काढून बघावा तर कोरडा ठणठणीत. म्हणजे पेट्रोल वर चढत नाही, एवढं नक्की झालं होतं.

दिवाळीच्या आधी सोयाबीन निघाल्यावर मशीन पत्र्याच्या शेडात टांगलं ते टाकीत पेट्रोल ठेवूनच. तेही भर पावसाळ्यात भरलेलं. ते काचेच्या बाटलीत ओतलं तर तळाला पाण्यासारखा वेगळा थर. आता पंपावर ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, ओल जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, अन् मिक्समधलं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑईल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. टाकीतला फिल्टर पडलेला असतो तळाला, म्हणजे इंजिनाला जातं ते बिनऑईलचं पाणी. वरून परभणीचा उन्हाळा. बाहेर ४२ अंश असले तर पत्र्याखाली काय होत असेल ते तुम्हाला सांगायला नको.

कार्बोरेटर उघडला तर डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा, वाळल्या पापडासारखा कडक, नखानं वाजवला तर टक्क वाजला. त्याच्याखालची पेट्रोल आत सोडणारी सुई चिकट्यानं जागेवरच बसलेली. कोरड्या प्लगचं कारण सापडलं म्हणून मी खुश. मोंढ्याजवळच्या एका दुकानातून डायफ्राम-पॅकिंगचं किट आणलं. "सगळ्या ४३ ला हेच बसतंय" म्हणाले. बसलं नाही, भोकंच जुळेनात. दोन दिवस गेले. माझं मत आता पक्कं आहे: जुना डायफ्राम खिशात घालून जायचं आणि काउंटरवर नव्यावर ठेवून बघायचं, मगच पैसे द्यायचे.

दुसरं किट बसवलं आणि खरा छळ सुरू झाला. आता प्लग ओलाचिंब, सायलेन्सरमधून पेट्रोल टपकतंय. प्लग बदलला, चोक तपासला, सुई तीनदा धुतली. तीन दिवस हेच. आख्खा नवा कार्बोरेटर मागवायचं ठरवून टाकलं होतं, तेवढ्यात वडिलांच्या बीपीच्या मशीनवर नजर गेली. त्याचा फुगा आणि घड्याळ पेट्रोलच्या नळीला जोडलं आणि २०० पर्यंत हवा भरली. डायफ्रामचं झाकण काढलेलं असताना काटा जागचा हलला नाही. सुई पक्की! झाकण बसवलं की काटा सरसर खाली. म्हणजे झाकणाखालचं काहीतरी सुईची दांडी दाबून धरतंय.

पॅकिंग उलट्या क्रमानं लागलं होतं. दांडीच्या बाजूला बॉडीवर आधी पॅकिंग येतं आणि त्यावर डायफ्राम. कार्बोरेटरमधल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाच्या बाजूला नेमकं उलटं, बॉडीवर डायफ्राम आणि वर पॅकिंग. मी दोन्हीकडं डायफ्राम खाली घातला होता. फरक तो कितीसा, कागदाच्या जाडीएवढा, पण तेवढ्यानं डायफ्रामची टिकली दांडीवर टेकून राहायची आणि सुई कायम उघडी. क्रम बदलला, परत २०० भरले, झाकणासकट काटा ठाम. त्या काट्याकडं बघण्यात जो आनंद होता तो मशीन चालू होण्यापेक्षा कमी नव्हता.

नवं मिक्स लिटरला ४० मिली, जनावरांच्या २० मिलीच्या सिरिंजनं दोनदा मोजून. बाटलीच्या झाकणानं अंदाजे ओतणं मी सोडलं. गवत कापायची नायलॉनची दोरीही उन्हाळ्यात कडक होऊन तुटत होती, ती रात्रभर पाण्यात टाकली, सकाळी मऊ.

मृग लागलाय, पेरणीच्या आधी बांधावरची हराळी आणि काँग्रेस गवत काढायचं म्हणून आज शेतात जाणार होतो. पण फुल रेसवर आवाज वर-खाली होतोय, आणि रेस सोडल्यावर लवकर उतरत नाही. जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) अजून थोडा बुजलेला असेल असं वाटत होतं. हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं की त्याच फुग्यानं क्रँकची सीलं, म्हणजे इंजिनात बाहेरची हवा शिरू न देणारी रबरी कडी, तपासता येतील. इनटेक आणि एक्झॉस्ट सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यांनी बंद करायचे, पिस्टन खाली घ्यायचा, प्लगच्या भोकातून २५० पर्यंत भरायचं आणि काटा बघायचा. सील हवा खात असेल तर हवा जास्त आणि मिक्स पेट्रोल कमी पडून पिस्टन घासेल, तसं मशीन बांधावर न्यायची माझी हिंमत नाही.

बांध रविवारी. आज एक जुना प्लग फोडून आतली चिनीमाती काढतो आणि त्यात नळी चिकटवतो. काटा किती वेळ थांबतो ते पुढच्या वेळी लिहीन.