मधल्या खड्याचा उलगडा, आणि माझ्या हातून झालेला घोटाळा

सासूबाईंच्या आईची नऊ खड्यांची मुदी, म्हणजे अंगठी, पावसाळा लागण्यापूर्वी स्वच्छ करून ठेवीन, असे मी मागच्या नोंदीत लिहिले होते. मुदी स्वच्छ झाली. परंतु तिसऱ्या दिवशी तिचा मधला खडा ओल्या पाटीसारखा काळपट दिसू लागला, आणि या घोटाळ्याचे श्रेय सर्वस्वी माझे आहे. बंद पाठीची मुदी पाण्यात बुडवू नये, हे मी स्वतःच यापूर्वी दोनदा बजावून सांगितले होते. तरीही रिठ्याच्या कोमट पाण्यात ती दोनच मिनिटे ठेवण्याचा मोह मला आवरला नाही. मधल्या खड्याभोवतीच्या चांदीच्या काठात केसाएवढी फट होती, ती मला नंतर भिंगाखाली दिसली.

मुदीची घडण पूर्वी सांगितलीच आहे. वेढा आणि पाठ सोन्याची, दर्शनी भाग चांदीचा. मध्ये साधारण सात मिलिमीटरचा एक खडा आणि त्याच्याभोवती दोन-दोन मिलिमीटरचे आठ. चांदीत खडे पांढरे दिसतात आणि मागे सोने असल्यामुळे बोट काळे होत नाही, म्हणून प्लॅटिनम रुळण्यापूर्वीचे कारागीर ही जोडी वापरीत. कसोटीवर सोन्याची रेघ अठरा आणि बावीस कॅरेटच्या मध्ये पडते. पोर्तुगीज प्रमाणाचे १९.२ कॅरेट सोने तेथेच बसते, पण मुदीवर एकही शिक्का नाही, त्यामुळे मी तो आग्रह धरीत नाही.

खडा काळा का पडला, हे त्याच्या पैलूंच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे रोझ कटच्या रचनेत आहे. त्याचा तळ सपाट असतो आणि वर पैलूंचा लहानसा घुमट असतो. १९१९ मध्ये टोल्कोव्स्की यांनी गणित मांडून दाखविलेल्या प्रमाणांच्या गोल ब्रिलियंटमध्ये, म्हणजे आजच्या नेहमीच्या गोल पैलूंच्या हिऱ्यात, वरून आलेला प्रकाश खालच्या तिरप्या पैलूंवर आपटून पुन्हा वर येतो. सपाट तळाच्या खड्यात तो बहुतांशी तळातून निसटून जातो. म्हणून जुने कारागीर खड्याखाली चांदीचा चकचकीत वर्ख घालून पाठ बंद करीत. अशा खड्याचे निम्मे तेज वर्खाचे असते. ओलावा आणि हवेतली गंधकाची संयुगे एकत्र आली की चांदी काळवंडते, आणि वर्ख गेला की खडा मेल्यासारखा दिसतो.

पहिला उपाय म्हणून मी मुदी सिलिका जेलच्या डब्यात ठेवली. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा सल्ला देणाऱ्यांनी जूनमधला गोव्याचा तांदूळ मुठीत धरून पाहावा. ठेवण्यापूर्वी मुदीचे वजन पाच वेळा करून ४.३१२ ग्रॅम भरले होते, सोळा दिवसांनी ते ४.३०९ ग्रॅम भरले. तीन मिलिग्रॅम म्हणजे पाण्याचा जेमतेम एक थेंबुटा. तो निघून गेल्यावर खड्याखालचे धुके विरले, याचा मला अवाजवी आनंद झाला. काळा रंग मात्र तसाच राहिला, आणि त्यात आता तडे गेलेल्या रेषाही स्पष्ट दिसू लागल्या.

वर्ख बदलायचा तर खडा बाहेर काढावा लागणार, आणि काढण्यापूर्वी तो कसला आहे हे कळायला हवे. घरात या मुदीला पिढ्यान् पिढ्या हिऱ्याची मुदी म्हणतात. बाजूचे आठही खडे हिरे आहेत हे गेल्या वर्षीच ठरले होते. मधल्याबद्दल मी तेव्हा ‘टेस्टरने होकार दिला’ असे लिहिले होते, ते विधान आज मागे घेते. टेस्टर म्हणजे हिरा ओळखण्याचे पेनासारखे यंत्र; त्याचे टोक तापलेले असते आणि समोरची वस्तू किती वेगाने उष्णता ओढून घेते, एवढेच ते मोजते. चांदीही उष्णता झपाट्याने ओढते. टोक चांदीच्या काठाला लागले तर यंत्राने शिटी वाजवायला हवी. पण त्या शिटीचे मंडल आपल्या हातातून पूर्ण होत असते, आणि मी मुदी मखमलीच्या तुकड्यात धरली होती. शिटी वाजली नाही, काटा टोकाला गेला, मी खूश झाले. ज्यांच्याकडे अशी पेनासारखी यंत्रे आहेत, त्यांनी दागिना उघड्या बोटांनी धरावा आणि पंखा बंद करावा. पंख्याखाली आकडे डळमळतात, हे मला घामाने भिजून समजले.

या वेळी मुदी उघड्या हातात धरून टोक खड्याच्या अगदी माथ्यावर टेकवले. सात वेळा पाहिले, सातही वेळा काटा हिऱ्याच्या खुणेच्या बराच खाली थांबला. बाकीच्या परीक्षा एकेक करून निकामी ठरल्या. घनत्व काढायला खडा सुटा हवा. खड्यात प्रकाश किती वाकतो हे मोजणाऱ्या माझ्या वक्रीभवनमापकाची मर्यादा १.८१ आहे, हिऱ्याचा अंक २.४२, म्हणजे तो तेथे दिसतच नाही, शिवाय त्याला सपाट आणि पुरेसा मोठा पैलू लागतो. खड्यावर फुंकर घालून वाफ किती लवकर उडते हे पाहण्याची जुनी रीत आमच्या पावसाळ्यात हास्यास्पद ठरते, कारण त्या दमट हवेत माझ्या चष्म्यावरची वाफसुद्धा उडत नव्हती.

एका नातेवाइकांनी ऐरणीवर घणाचे घाव सोसणाऱ्या हिऱ्याचा दाखला देऊन ‘एक हलका घाव घालून बघ’ असे सुचविले. हिरा सर्वांत कठीण असला तरी ठरावीक चार दिशांना तो स्वच्छ चिरतो, आणि नेमका घाव बसला तर दुभंगतो. पणजीच्या नगरोद्यानाला ज्यांचे नाव आहे, त्या गार्सिया द ऑर्ता या वैद्यांनी १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात घणाची ही समजूत खोडून काढली होती. कृष्णाकाठच्या खाणींतले हिरे तेव्हा गोव्याच्या बाजारात येऊन पुढे लिस्बनला जात, आणि असे हिरे त्यांच्या नजरेखालून गेलेले होते. घाव अर्थातच घातला नाही.

उलगडा झाला तो काळ्या वर्खामुळेच. एका संध्याकाळी वीज गेली होती आणि मी विजेरीच्या तिरप्या प्रकाशात दहा पटीच्या भिंगाने वर्खावरचे तडे पाहात होते. (तीस पटीची म्हणून स्वस्तात मिळणारी भिंगे घेऊ नका, चांगले दहा पटीचे त्रिभिंग घ्या.) एक तडा मला दुहेरी दिसला. प्रथम वाटले, रोझ कटचा प्रत्येक पैलू आपापली प्रतिमा दाखवितो, तसलाच हा प्रकार असावा; म्हणून एकाच पैलूच्या आतून पाहिले. तडा तरीही दुहेरीच होता, रेल्वेच्या रुळांसारखा. मुदी हळूहळू फिरविली, तेव्हा एका दिशेने रूळ जवळ आले, एक झाले आणि पुन्हा फाकले.

हिरा प्रकाशाचा किरण दुभंगत नाही, म्हणून त्याच्यातून एक रेघ दोन दिसत नाही. किरण दुभंगला असेल, तर त्याचे दोन भाग एकमेकांच्या काटकोनात कंप पावतात आणि पोलरॉइड काच एका वेळी त्यांतला एकच जाऊ देते. खात्रीसाठी मुलाने कळंगुटच्या किनाऱ्यावर घेतलेला पोलरॉइड गॉगल मागितला. अशा गॉगलांपैकी बरेच नावाचेच पोलरॉइड असतात, म्हणून आधी गणकयंत्राच्या पडद्यासमोर फिरवून पाहिला. पडदा काळा झाला, अर्थात काच खरी होती. ती काच भिंग आणि डोळा यांच्यामध्ये धरून फिरविली, तेव्हा डावा रूळ नाहीसा झाला आणि उजवा उरला. आणखी काटकोनात फिरविली, तेव्हा उजवा गेला आणि डावा परत आला. हे मी किती वेळा करून पाहिले, ते येथे सांगण्यासारखे नाही.

पांढरा नीलम, पुष्कराज आणि स्फटिकही किरण दुभंगतात, पण इतका थोडा की एवढ्या पातळ खड्यात ते सहज दिसू नये. मॉयसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम खडा ठळक दुभंगतो, परंतु त्याला उष्णतेचा टेस्टर हिरा म्हणतो, आणि याला म्हणत नाही. उरतो झिरकॉन, किरण ठळक दुभंगणारा नैसर्गिक खडा. पैलूंच्या कडाही तेच सांगतात: बाजूच्या हिऱ्यांच्या कडा सुरीसारख्या आहेत, मधल्याच्या झिजून बोथट झाल्या आहेत. श्रीलंकेच्या दक्षिणेकडील मातारा येथील रंगहीन झिरकॉनला ‘मातारा हिरा’ म्हणून विकण्याची रीत जुनी आहे, आणि रंगांची उधळण करण्यात झिरकॉन हिऱ्याच्या फार मागे नाही. आज बाजारात ‘झिरकॉन’ म्हणून गळ्यात मारला जाणारा अमेरिकन डायमंड ही निराळीच, कारखान्यात बनणारी वस्तू आहे. या दोहोंच्या नावांतल्या गोंधळाचा मला मनस्वी राग आहे.

सासूबाईंना हे कसे सांगावे, यात दोन दिवस गेले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, “आईच्या मुदीचा वेढा लहान करायला बाबांनी एकदा सोनाराकडे दिली होती. ती दोन महिन्यांनी परत आली. तेव्हा थोरल्या ताईचे लग्न ठरले होते.” मी पुढचा प्रश्न विचारला नाही. पण मधल्या खड्याचा काठ दुसऱ्यांदा दाबल्याच्या खुणा मला भिंगाखाली दिसतात, बाजूच्या आठांवर तशा नाहीत. हिऱ्याची ओढ लोकांच्या मनात जाहिरातींनी रुजविली, असे आपल्यातले काहीजण नेहमी म्हणतात आणि १९४७ च्या ‘अ डायमंड इज फॉरएव्हर’ या प्रसिद्ध घोषवाक्याकडे बोट दाखवितात. मला ते अर्धेच पटते. लग्नाच्या खर्चाला सर्वांत आधी उपयोगी पडणारा आणि तरीही मुदीत त्याची जागा रिकामी दिसू नये असे वाटायला लावणारा खडा आमच्या घरात त्या घोषवाक्यावाचून ठाऊक होता.

म्हापशाच्या ज्या वयोवृद्ध शेटांकडे मी शिकते, त्यांना मुदी दाखविली. ते म्हणाले, “बाई, हिरा असता तर काठ उचलताना माझा हात थरथरला नसता. हा कडेने टवका सोडील.” झिरकॉन ठिसूळ असतो, त्यामुळे त्यांची भीती खरी आहे. वर्खाचाही प्रश्न आहे. मिठाईवरचा वर्ख हवेनेसुद्धा चुरगळतो. मुंबईच्या एका पुरवठादाराने शुद्ध चांदीचा पत्रा म्हणून दोनदा जो पाठविला, तो वाकविताना कथिलासारखा कडकड वाजत होता. शेट म्हणतात की शुद्ध चांदीचा तुकडा ते स्वतः ठोकून पातळ करून देतील. माझ्याकडे एक मोडकी बंद पाठीची कुडी आहे, तिच्यावर आधी हात बसवायचा, असे आमचे ठरले.

हे लिहितानाच एक गोष्ट सुचली. सोन्याचा कस क्ष-किरणांच्या यंत्रावर तपासून देणारी केंद्रे आता पणजीतही आहेत. त्या यंत्राला झिर्कोनियम ओळखता येते. हिऱ्यातला कार्बन त्याला दिसत नाही. पडद्यावर नेहमी सोने, चांदी, तांबे एवढेच आकडे येतात, पण चालक तयार असेल तर पूर्ण आलेख उघडता येतो. किरणांचा झोत खड्यावरच पडला आणि झिर्कोनियमची रेघ उठली, तर खडा न काढताच पुरावा मिळेल. अमेरिकन डायमंडमध्येही झिर्कोनियम असते, पण तो किरण दुभंगत नाही, आणि ती परीक्षा झालेलीच आहे. तेव्हा कुडीचा बेत पुढच्या आठवड्यावर ढकलते आणि मंगळवारी आधी पणजीला जाते. मुदी सध्या डब्यात आहे. सिलिकाचे दाणे काल गुलाबी झाले होते, ते तव्यावर भाजून पुन्हा निळे केले आहेत.