मोठ्याईचा आजार

आज मोठ्याईनं मला विचारलं, "तू कोणाचा रे बाप्पा?" गावात म्हणतात, वय झालं, चालायचंच. नाही! अल्झायमर हा मेंदूचा आजार आहे.

दिल्लीचं एम्स आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ मिळून भारतातल्या वयस्कांचा अभ्यास करतात. साठीपुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना डिमेन्शिया, म्हणजे अल्झायमरसारख्या आजारांनी होणारा स्मृतिभ्रंश, असावा, हा त्यातूनच आलेला अंदाज. मला मोलाचं वाटतं ते हे, की त्यांच्या चाचण्या अक्षरओळख नसलेल्यांनाही देता येतात. कापूस वेचण्यात जन्म गेलेल्या बाईला लिहायवाचायला लावून तिच्या मेंदूचं काय कळणार?

बीपी, शुगर, कमी ऐकू येणं वेळीच सांभाळलं तर धोका कमी होतो. मोठे बाबा हल्ली टीव्ही फार मोठ्यानं लावतात. त्यांचे कान या आठवड्यातच तपासून आणतो.