ग्रोनिंगनची पोरं आणि आयरिश रील

शनिवार, रात्र बरीच झालीये

आज दिवसभर घरात रापाल्येच चालू होतं. दुपारी नवऱ्याने हेडफोन आणून हातात ठेवले, बोलला काही नाही, पण कळलं. रापाल्ये म्हणजे ग्रोनिंगनचा बँड, पार उत्तरेचा, आम्ही राहतो आइंडहोव्हनला म्हणजे नेदरलँड्सच्या दुसऱ्या टोकाला. नव्वदच्या दशकापासून वाजवतायत, किल्ट (तो चौकड्यांचा, घागऱ्यासारखा पुरुषी पोशाख) घालून, हातात फिडल म्हणजे व्हायोलिन, टिन व्हिसल, अकॉर्डियन, बॅगपाइप, आणि चक्क आयरिश ट्यून्स आणि आयरिश बॅलड्स (किल्ट आणि तो मोठा बॅगपाइप स्कॉटलंडचा, हे मला माहितीये, त्यांनाही माहितीये, आणि तिकडचीही गाणी ते वाजवतातच). मधूनच एखादं डच गाणं पण टाकतात.

परवा ऑफिसमध्ये लंचला मी एकाला ऐकवलं, तो मूळचा आयर्लंडच्या क्लेअर काउंटीचा. क्लेअर म्हणजे या संगीताचं माहेरघरच म्हणा, तिथे मिलटाउन मालबे नावाच्या छोट्या गावात 1973 पासून दर उन्हाळ्यात आठवडाभर शाळा भरते, जगभरातून लोक फिडल-बासरी शिकायला जातात. त्याने एक कान लावून ऐकलं, मान हलवली आणि म्हणाला, छान आहे, पण डच वाजतंय. झालं, तेव्हापासून डोक्यात भुंगा.

आता त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाहीये, हे आज नीट कान देऊन ऐकल्यावर पटलं. रील, म्हणजे जलद आयरिश नाचाची चाल, चारच्या ठेक्यात असते, एका मात्रेत दोन सूर, कागदावर सगळे सूर सारख्या लांबीचे, पण वाजवताना सारखे वाजवायचेच नसतात, पहिला किंचित लांबवायचा, दुसरा किंचित उरकायचा, किती ते कुणी सांगू शकत नाही आणि प्रत्येक काउंटीत वेगळं. शिवाय मुरक्या. रोल, कट, क्रॅन असले प्रकार, जे नोटेशनमध्ये बहुतेकदा लिहिलेलेच नसतात. आमच्या ग्रोनिंगनच्या मंडळींचा ठोका सरळ पडतो, धाडधाड, पाय जमिनीवर आपटावासा वाटतो. मैदानात हजार लोकांसमोर हेच फार भारी वाटतं. पण रेकॉर्डिंगमध्ये, हेडफोन लावून, जागच्या जागी बसून ऐकलं की तो सरळपणा उघडा पडतो.

पण मग मी विचार करत बसले की अस्सल म्हणजे तरी काय? ज्याला सगळे परंपरा म्हणतात ती आली कुठून? वाचलेलं सगळं आठवायला लागलं आणि मजाच वाटली. आयरिश संगीताचं जे पुस्तक वाजवणारे लोक अजूनही उघडतात, त्यात 1850 ट्यून्स आहेत, ते छापलं 1903 मध्ये, शिकागोत! फ्रान्सिस ओ'नीलने. हा माणूस मूळचा आयर्लंडच्या कॉर्ककडचा, आणि पुस्तक निघालं तेव्हा शिकागो पोलिसांचा चीफ होता. आणि मायकल कोलमन? आयर्लंडच्याच स्लायगो काउंटीचा फिडलवाला, 1914 मध्ये अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कमध्ये 1920-30च्या दशकांत त्याच्या रेकॉर्ड्स निघाल्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावणार. त्या तबकड्या बोटीने परत आयर्लंडला गेल्या, ज्याच्या घरी ग्रामोफोन त्याच्याकडे अख्खं गाव जमायचं, आणि बऱ्याच जणांनी आपापल्या गावची वाजवायची पद्धत सोडून कोलमनची स्लायगो स्टाइल उचलली. 1934 मध्ये त्याने तीन रील्स एकामागोमाग एक रेकॉर्ड केल्या. आज नव्वद वर्षांनीही कुठल्याही पबमध्ये कुणी त्यातली पहिली सुरू केली की बाकीचे न विचारता त्याच क्रमाने दुसरी आणि तिसरी वाजवतात. आणि त्यातली पहिली, टारबोल्टन, ती तर मूळची स्कॉटिश!

म्हणजे आयर्लंडच्या खेड्यातल्या पोरांनी शंभर वर्षांपूर्वी जे केलं, परदेशातून आलेली तबकडी लावून लावून सूर उचलले, तेच ग्रोनिंगनच्या पोरांनी केलं ना. मग यांनाच तेवढं का नाव ठेवायचं.

वाद्यांचं तर विचारूच नका. कॉन्सर्टिना, ती हातात धरायची छोटी भात्याची पेटी, जिच्याशिवाय क्लेअरचं पान हलत नाही, तिची सुरांची मांडणी जर्मनीची आणि ती घडली इंग्लंडमध्ये. बुझुकी हे तारांचं वाद्य सरळ सरळ ग्रीसचं, 1960च्या दशकात आयर्लंडला पोचलं आणि आता जणू शतकानुशतकं तिथलंच. बाउरान, तो बकरीच्या कातड्याचा, आपल्या डफासारखा, तोसुद्धा बँडमध्ये मानाने बसायला लागला तो शॉन ओ रीआडा या आयरिश संगीतकाराने साठच्या दशकात बसवला म्हणून. आपल्याकडे पेटीचं तेच झालं की, युरोपातून आली, आकाशवाणीने 1940 पासून तीसेक वर्षं दाराबाहेर ठेवली आणि तोवर इकडे नाट्यसंगीत तिच्याशिवाय सुरूच होत नव्हतं.

डच लोकांना आयरिश गाण्यांचं हे वेड लागलं कुठून, तर मला वाटतं त्यात मोठा हात डब्लिनर्स या आयरिश बँडचा. त्यांचा एक लाइव्ह अल्बम अॅमस्टरडॅमच्या कारे थिएटरमधलाच आहे, 1985 मध्ये आला. आमच्या शेजारच्या आजोबांकडे त्याची एलपी आहे आणि ते ती कुणाला हात लावू देत नाहीत, मला फक्त कव्हर दाखवलं, तेही लांबून. तर इथल्या लोकांनी आयरिश संगीत ऐकलं ते दाढीवाले, घोगऱ्या आवाजाचे, बियरचे ग्लास आपटत कोरस म्हणणारे. साहजिकच रापाल्येचंही तेच रूप आहे, आणि तेच त्यांना शोभतं. कोरसचं गाणं असलं की हे लोक कुणाला ऐकत नाहीत, चौघांचे आवाज असे काही एकत्र येतात की माझ्यासारखी बेसूर बाईपण गायला लागते. पण संथ गाणं, एकट्या गळ्यावर तोलायचं, ठेका नाही, साथ नाही, जिथे गाणारा एकेका शब्दावर थांबतो आणि वळणं घेतो, तिथे मी आयर्लंडचाच माणूस ऐकेन. त्यात उच्चारांचा पण भाग आलाच.

आणि गंमत अशी की त्यांच्या ज्या गाण्यावर पब्लिक सगळ्यात जास्त पिसाटतं ते आयरिश नाहीच आहे. काय प्यायचं, सात दिवस प्यायचं, असं ते डच गाणं. लोकांना वाटतं काहीतरी मध्ययुगीन आहे, व्हायकिंग वगैरे. कुठलं काय! फ्रान्सच्या पश्चिमेला ब्रिटनी प्रांत आहे, तिथल्या दोन पोरसवदा भावांनी 1929 मध्ये सफरचंदाच्या दारूवर रचलेलं गाणं ते, 1970 मध्ये तिथल्याच अॅलन स्टिव्हेल या वादकाने ते हार्पवर घेऊन अल्बममध्ये टाकलं, आणि 1976 मध्ये बॉट्स नावाच्या बँडने त्यावर डच शब्द बसवले. बॉट्स आमच्या आइंडहोव्हनचे, डाव्या विचारांचे, त्यामुळे त्यांच्या गाण्यात आधी एकत्र प्यायचं, मग एकत्र काम करायचं, मग एकत्र लढायचं. आता जत्रेत किल्ट घातलेले बाप्ये हे गाणं सुरू करतात आणि समोरचे फक्त पहिल्या कडव्याचं मनावर घेतात, ते सोडा.

हे सगळं सोमवारी त्या क्लेअरवाल्याला ऐकवायचं असं मनात होतं, कोलमनच्या त्या तीन रील्सची लिंकसुद्धा काढून ठेवली होती. पण नवरा म्हणतो की क्लेअरच्या माणसासमोर स्लायगोच्या फिडलवाल्याचं कौतुक म्हणजे कोल्हापूरकरासमोर नागपूरच्या सावजी रश्श्याचं. तो ते 'डच वाजतंय' पण विसरेल आणि वेगळाच वाद सुरू होईल. बघू, लंचला वेळ असला तर पाठवीनच.