आमची वाटचाल: ग्रील-गेटपासून मळ्याच्या पाटीपर्यंत

वर्कशॉप सुरू केलं तेव्हा आम्ही ग्रील, गेट आणि जिन्याचे कठडे करायचो. मी, एक वेल्डर काका आणि एक मदतनीस, एवढीच फौज. मळ्याच्या नावाची पाटी आमच्याकडे आली ती गेटच्या मागोमाग. गेट बसवून झालं आणि मालक म्हणाले, "वर नाव पण करून द्या की." आम्ही लगेच हो म्हटलं. एवढं गेट केलं, तिथे पाटीचं काय!

पाटी दिसायला झकास झाली. 8 फूट लांब, 2 फूट उंच, 3 मिमीचा पत्रा, कडेने ओंब्या, एका टोकाला मोर. वरच्या आडव्या पाइपाला दोन साखळ्यांनी टांगली आणि साखळीत पाटी अडकवायला साधे एस हूक घातले. पुढच्याच वादळात ती उडून बांधापलीकडे जाऊन पडली. रात्रीची वेळ, खाली कोणी नव्हतं, म्हणून निभावलं. त्यातला एक हूक सकाळी सापडला. तो अजून माझ्या टेबलाशेजारच्या खिळ्याला आहे. त्याचा खालचा आकडा पार उलगडलाय, आणि तो हातात घेतला की वेल्डर काका अजूनही नजर चुकवतात. चूक त्यांची नव्हती. हूक मीच आणले होते.

त्या दिवशी पहिल्यांदा कागद घेऊन हिशेब मांडला. 3 मिमी लोखंडी पत्रा चौरस मीटरला साधारण साडेतेवीस किलो भरतो, म्हणजे आमची पाटी 35 किलोची. आम्ही तेवढंच धरून चाललो होतो. वाऱ्याचा दाब मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला किती मीटर वेग आहे त्याचा वर्ग करायचा आणि त्याला 0.6 ने गुणायचं, की चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी 144 किलोमीटरच्या वादळात, म्हणजे सेकंदाला 40 मीटर वेगाने, हा दाब चौरस मीटरला 960 न्यूटन, म्हणजे जवळपास 98 किलो वजनाएवढा होतो. आमच्या पाटीवर तो 145 किलोच्या आसपास. पाटी 35 ची, धक्का 145 चा, आणि तोही झटके देत!

तेव्हापासून उघडं तोंड असलेला हूक आमच्या कामात नाही. वरून आरपार गेलेला आय बोल्ट (डोक्याला बंद कडी असलेला बोल्ट), मागे रुंद वायसर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हलून सैल न होणारा नट), मध्ये डी शॅकल (पिनेने बंद होणारी डी आकाराची कडी), आणि शॅकलची पिन तारेने बांधलेली. हलून हलून पिन सुटते, तार असली की सुटत नाही. साखळीवर चालू भाराचा, म्हणजे ती रोज सुरक्षितपणे किती वजन पेलेल त्याचा, आकडा छापलेला असेल तरच घेतो. खालच्या दोन कोपऱ्यांतून खांबाकडे टर्नबकल (फिरवून तार कमी-जास्त ताणायचा स्क्रू) लावलेले तारेचे ताण देतो, म्हणजे पाटी झोपाळ्यासारखी उडत नाही. ताण अगदी कडक करत नाही, किंचित ढील ठेवतो.

साखळ्या तिरक्या फाकवून लावा, छान दिसतात, असं बरेच जण सांगतात. दिसतात खऱ्या. पण साखळी जमिनीशी 30 अंशांपर्यंत आडवी झाली की दोन साखळ्या असूनही प्रत्येकीवर पाटीचा पूर्ण भार येतो, अर्धा नाही. 60 अंशांवर हाच भार सुमारे 58 टक्क्यांवर येतो. म्हणून हौस असेल तर फाकवतो, पण 60 च्या खाली उतरत नाही.

दुसरा धडा सावकाश मिळाला. एका जुन्या पाटीला नवा रंग द्यायला गेलो तर साखळीच्या सगळ्यात वरच्या कडीची आतली बाजू घासून जवळजवळ अर्धी राहिली होती. बाहेरून कडी धडधाकट, बोट आत घातलं की खाच लागते. रोजच्या मंद वाऱ्याने केलेलं काम ते. आता पाटी देताना ग्राहकाला ती जागा बोटाने दाखवतो आणि वर्षातून एकदा तिथे हात फिरवायला सांगतो.

अक्षरांची गंमत वेगळीच. पत्र्यातून अक्षरं कापून पाटी करायची, तर देवनागरीत शिरोरेषा आपल्या बाजूने असते. सगळी अक्षरं एकमेकांना धरून राहतात. अनुस्वार मात्र कशालाच चिकटलेला नसतो. 'आनंद' कापून आला आणि ठिपका भंगारात गेला, असं आमच्याकडे झालंय. उलट अक्षरांच्या जागी भोक पाडायचं असेल तर 'व', 'ब', 'प' यांची पोटं गळून पडतात. म्हणून कटिंगची फाइल पाठवण्याआधी प्रत्येक ठिपक्याला आणि पोटाला बारीक पूल जोडायचा. आकार ठरवताना दर 10 फुटांना 1 इंच अक्षर हा आमचा ढोबळ हिशेब. 80 फुटांवरून नीट वाचायचं तर 8 इंच, आणि हे शिरोरेषेपासून पायापर्यंत, मात्रा-उकार सोडून. गाडी ताशी 60 ने येत असेल तर सेकंदाला 55 फूट कापते, तेव्हा नाव मोठं ठेवा आणि मोर लहान करा, असं मी भांडून सांगतो. बहुतेक वेळा मोरच जिंकतो. जाळीदार काम असेल तर माझी हरकत कमी, कारण वारा आरपार जातो.

लाकडी पाट्याही केल्या. लाकूड ऋतूनुसार रुंदीत फुगतं-आकसतं, लांबीत फारसं नाही, म्हणून रुंदीच्या दिशेने भोकं लांबट पाडायची. फळीच्या टोकात, रेषांच्या दिशेने मारलेला स्क्रू धरत नाही, आणि पाणीही तिथूनच पिते. तिथे सीलरचे दोन हात जास्त. लोखंडाला आम्ही आधी गरम जस्तात बुडवून घेतो, मग एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्ताला घट्ट धरणारा पहिला हात, मारून रंग. नुसत्या जस्तावर रंग टिकत नाही, पापुद्र्यासारखा निघतो. पोकळ पाइपाला वर टोपी आणि बुडाला छोटं भोक हवंच. नाहीतर आत पाणी साचून पाइप आतून गंजतो, आणि ते कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

खांबाबद्दल मी कडक आहे. पाटी 15 फुटांवर असेल तर वाऱ्याचा जोर खांबाच्या बुडाशी पहारीसारखा उचकटायचं काम करतो. जमिनीवर 5 मीटर खांब असेल तर निदान सव्वा ते दीड मीटर खाली आणि भोवती काँक्रीट. माती भुसभुशीत असेल तर त्याहून खोल. काँक्रीट पुरतं पिकल्याशिवाय आम्ही पाटी चढवत नाही, ग्राहक कितीही घाईत असला तरी.

आता फोन आला की डिझाइनच्या आधी मी विचारतो, गेटातून जाणारं सगळ्यात उंच वाहन कोणतं? एकांनी ट्रॉली टेपने मोजून उंची कळवली. पाइप कापायला घेणार, तेवढ्यात वेल्डर काकांनी विचारलं, "मोजली तेव्हा भरलेली होती का रिकामी?" फोन केला. रिकामी होती. खांब चार फुटांनी वाढवले.