फणसाडच्या गाणीवर

सुपेगावातून निघालो तेव्हा जेमतेम उजाडलं होतं. एप्रिल असूनही हवेत गारवा होता. सोबत गावातलेच एक काका वाटाडे म्हणून होते. पहिल्याच चढावर ते म्हणाले, "ताई, बोलायचं ते आत्ताच बोलून घ्या. गाणीवर गेलो की गप बसायचं."

गाण म्हणजे रानातली पाण्याची जागा. उन्हाळ्यात ओढे आटले की इथली जनावरं-पाखरं या गाणींवर तहान भागवतात. फणसाड हे मुरुड-जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान. १९८६ साली त्याचं अभयारण्य झालं. जिथे बंदुका घेऊन दबा धरत, तिथे आपण दुर्बीण घेऊन बसतो, याचं मला मनापासून समाधान वाटतं.

अंजनीच्या दाट सावलीत काका एकदम थांबले. समोर गारंबीचा वेल होता, मांडीएवढा जाड, पीळ घालत या झाडावरून त्या झाडावर गेलेला. खाली पाचोळ्यात तिची एक बी पडली होती. तपकिरी, चपटी, तेल लावल्यासारखी गुळगुळीत. तळहातावर घेतली तर चांगली वजनदार लागली. थोडा वेळ मुठीत धरली आणि होती तिथेच ठेवून दिली. रानातली वस्तू रानातच राहावी.

गाणीजवळ एका कातळाआड बसलो. पहिला अर्धा तास फक्त पानांची सळसळ. मग स्वर्गीय नर्तकाचा नर आला, पांढराशुभ्र, शेपटीच्या दोन लांब फिती मागे लहरत. पाण्यात सूर मारायचा, फांदीवर येऊन पंख झटकायचा, की पुन्हा सूर. चार वेळा! माझा श्वास अडकला होता. तेवढ्यात डोक्यावर खटखट आवाज झाला. शेकरू! मागच्या पायांनी फांदी धरून, झुपकेदार शेपटी खाली सोडून ते पुढच्या दोन्ही हातांत फळ फिरवून फिरवून खात होतं. सालपटं आमच्या अंगावर पडत होती. आपला राज्यप्राणी पुस्तकात कितीदा पाहिला असेल, पण पाठीवरचा तो तांबूस रंग चित्रात कधीच नीट उतरलेला नाही.

तुम्ही जाल तेव्हा गावातला वाटाड्या जरूर घ्या, आणि गाण्यांचा स्पीकर कृपा करून घरीच ठेवा.

ऊन चढल्यावर उठलो. काकांनी पाण्याच्या कडेला वाकून बोट दाखवलं. ओल्या चिखलात भेकराचे खूर उमटले होते आणि त्या खळग्यांत पाणी अजून झिरपत होतं.