थम लागत नाही म्हणून खाडा: हजेरीयंत्राचा माझा अनुभव

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत ठेकेदाराच्या माणसांची हजेरी आता बोटावर किंवा चेहऱ्यावर लागते. कामगार प्रतिनिधी म्हणून याबाबतचे अर्ज मी लिहितो. तक्रार बहुतेक पगाराचीच असते: माणूस पाळी पूर्ण करतो, यंत्र त्याचा थम, म्हणजे बोटाचा ठसा, घेत नाही आणि महिनाअखेर खाडा पडतो. ठसा कुठे साठतो, हे सहसा कुणी विचारत नाही. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात मागाव्यात, असं माझं मत आहे.

आधी यंत्र कोणत्या जातीचं आहे ते शोधायचं. आधारवर चालणारं यंत्र ठसा कूटबद्ध करून आधार प्राधिकरणाकडे पाठवतं आणि तिकडून फक्त जुळला की नाही एवढं उत्तर येतं. भिंतीवरचं साधं यंत्र मात्र बोटावरच्या रेषा कुठे संपतात, कुठे फुटतात याचा स्वतःचा नमुना बनवतं. तो यंत्रात आणि बऱ्याचदा ऑफिसच्या संगणकातही राहतो. 'आधारसारखंच आहे, काळजी नको,' असं साहेब म्हणाले तरी त्याला अर्थ नसतो. आधार कायद्याचं कलम २९ आधारसाठी घेतलेल्या ठशांचं रक्षण करतं. कंपनीने स्वतः घेतलेल्या ठशाला ते लागू होत नाही.

खात्री करायची सोपी युक्ती आहे. 'मायआधार' संकेतस्थळावर ओटीपी टाकून प्रमाणीकरणाचा इतिहास, म्हणजे आपला आधार कधी तपासला गेला याची यादी, उघडायची. त्यात मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी दिसतात. सकाळच्या पंचिंगची वेळ तिथे सापडली तर यंत्र आधारवर आहे. तसं असेल तर कोणत्या मंजुरीने आधार वापरता, हे लेखी विचारायचं, कारण खासगी कंपन्यांना आधारची मोकळी वाट देणारा कलम ५७ चा भाग सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केला. नोंद नसेल तर आधारचे बायोमेट्रिक्स खुशाल लॉक करावेत. कारखान्यातल्या हजेरीवर परिणाम होत नाही आणि ठसा चोरून आधारवरून पैसे काढण्याचा धोका टळतो. फक्त रेशन दुकानात अंगठा देण्याआधी तात्पुरतं अनलॉक करायला विसरू नये, नाहीतर रांगेतून परत यावं लागतं.

यंत्र थम का घेत नाही, हे अर्जात कारणासह लिहिलं तर 'कामगारच नीट लावत नाही' हे उत्तर बंद होतं. ग्राइंडिंग, कूलंट, सिमेंट, चुना यांनी रेषा झिजतात. द्राक्षाच्या पॅकहाऊसमधल्या ताईंचे हात क्लोरीनच्या पाण्याने आणि हातमोज्यातल्या घामाने ओले असतात. ओल्या बोटाच्या दोन रेषांमधली फट भरून जाते आणि काचेवर नुसता डाग उमटतो. निफाडच्या थंडीत उलट होतं. त्वचा कोरडी पडून फुटते आणि रेषा तुटक दिसते. कोरडं बोट कपाळावरून फिरवून लावायचं, ओलं असेल तर पुसून. बोटाचं टोक टेकवू नये, मधला फुगीर भाग सपाट टेकवावा.

खरी गोम नोंदणीत असते. ठेकेदार भरतीच्या दिवशी रांग लावून घाईत ठसे घेतो आणि तेव्हाचा खराब नमुना वर्षानुवर्षं त्रास देतो. म्हणून नोंदणी पुन्हा करून मागावी: पाळी सुरू होण्याआधी, स्वच्छ कोरड्या हातांनी, दोन्ही हातांची किमान एकेक बोटं. यंत्र साधारण तीनदा बोट ठेवायला सांगतं, तिन्ही वेळा त्याच जागी ठेवायचं. तरीही अडचण असेल तर आधी स्वतःचा क्रमांक दाबून मग बोट लावायची सोय बहुतेक यंत्रांत असते. मग यंत्र सगळ्यांशी न ताडता एकाच नमुन्याशी ताडतं. सगळ्यांसाठी जुळणीची पातळीच खाली आणणं हा एचआरचा आवडता उपाय. त्याने एकाची हजेरी दुसऱ्याच्या नावावर लागू शकते.

यंत्राने नाकारलं की त्याच वेळी पर्यवेक्षकाकडून वहीत वेळ आणि सही घ्यावी. 'नंतर बघू' म्हणणाऱ्या मुकादमाचं नंतर कधीच येत नाही. गेट रजिस्टर, कँटीनचं कूपन, उत्पादनाचं कार्ड हे सगळं पुरावा म्हणून चालतं. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्यानुसार गैरहजेरीची कपात खरोखर गैरहजर असण्यासाठी आहे. पगाराची स्लिप देणं मालकावर बंधनकारक आहे, आणि वेतनाच्या दाव्यात पैसे दिल्याचं सिद्ध करणंही त्याच्याच माथी येतं. दाव्याची मुदत तीन वर्षं. इथे कामगार उपायुक्त कार्यालयात चौकशी करून पुढे जावं.

आता खासगीपणा. पुट्टस्वामी प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी तो मूलभूत हक्क मानला, पण खासगी मालकापुढे नुसता हा निकाल ठेवून भागत नाही. तिथे माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम उपयोगी पडतात. त्यांत बायोमेट्रिक माहिती संवेदनशील मानली आहे: लेखी संमती, गरजेपुरतीच साठवण आणि एका महिन्यात तक्रार सोडवणारा तक्रार अधिकारी. त्याच कायद्याच्या कलम ४३क मधल्या कंपनीच्या व्याख्येत एकट्या मालकाची फर्मही येते, म्हणून ठेकेदार सुटत नाही. महापालिकेला हे नियम लागत नाहीत. तिथे पुट्टस्वामी निकाल आणि दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज.

२०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा यांची जागा घेणार आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य कर्तव्यं १८ महिन्यांनी सुरू होणार. पण त्यात नोकरीच्या कारणासाठी संमतीविना माहिती वापरायची मुभा मालकाला आहे. त्यामुळे 'बोट देणारच नाही' हा पवित्रा मी कुणाला सुचवत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये लाकूड गिरणीच्या एका कामगाराने ठसा नाकारला, नोकरी गेली आणि २०१९ मध्ये तिथल्या फेअर वर्क कमिशनने ती बडतर्फी अन्यायाची ठरवली. पण तो तिथला कायदा. आपल्याकडे कार्ड किंवा पिनचा पर्याय मागणं जास्त पदरात पाडतं, कारण बहुतेक यंत्रांत ती सोय आधीच असते, फक्त चालू करावी लागते.

म्हणून अर्जात मी एवढंच मागतो: नमुना कुठे साठतो, कुणाला पाहता येतो, ठेकेदार बदलला तर कुणाकडे जातो, न लागल्यास कोणता पर्याय, आणि काम सोडल्यावर किती दिवसांत पुसणार. प्रत द्यायची आणि पोच घ्यायची, शिक्क्यासह.

पुसण्याच्या बाबतीत एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक ठिकाणी चुकते. नमुना यंत्रातून काढतात, पण संगणकातल्या सॉफ्टवेअरमध्ये तसाच राहतो, आणि पुढच्या सिंकला, म्हणजे संगणक आणि यंत्र यांची माहिती जुळवली जाते तेव्हा, तो पुन्हा यंत्रावर जातो. दोन्हीकडून काढल्याचं लेखी घ्या. हिशेब घ्यायला जाल तेव्हा बोट लावून बघा, आणि सिंक झाल्यावर पुन्हा एकदा.